झोन ११ म्हणजे काय रे भाऊ? आपल्या गच्चीचा झोन आपणच कसा काढायचा

दोन वर्षांपूर्वी मी ऑनलाइन एक लॅव्हेंडरचं रोप मागवलं, किंमत सांगत नाही कारण ती घरात अजून कुणाला माहीत नाही. टॅगवर लिहिलेलं 'झोन ५ ते ९'. मी म्हटलं हे झोन थंडीचे असतात, पुण्यात कुठे एवढी थंडी पडते, म्हणजे आपल्याकडे तर आरामात जगेल. नोव्हेंबर ते फेब्रुवारी ते इतकं छान वाढलं की फोटो काढून काढून मी सगळ्या नातेवाइकांना पिडलं, एप्रिलमध्ये जरा मलूल झालं, आणि जुलैत एक दिवस सकाळी बघते तर मातीजवळचं खोड काळं पडून मऊ झालेलं, हात लावला तर अख्खं रोप मुळासकट हातात आलं. थंडीने मेलं नाही, उन्हानेही नाही, पावसाने मेलं. आणि पावसाचा त्या टॅगवर उल्लेखच नव्हता.

माझं माहेर दापोलीकडचं, लग्नानंतर सहा वर्षं नागपूर, आता पुणे. तिन्हीकडे बाग केली आणि तिन्हीकडे पहिल्या वर्षी सपाटून मार खाल्ला, कारण दरवेळी आधीच्या गावाचं कॅलेंडर नवीन गावात लावत बसले. त्या चुकांतून जे कळलं ते इथे पायरीपायरीने लिहिते. वही-पेन घ्या, थोडं गणित आहे, पण चौथीचं.

पायरी १: टॅगवरचा झोन नक्की काय मोजतो

यूट्यूबवर इंग्लिश गार्डनिंगचे व्हिडिओ बघत असाल तर प्रत्येकजण सुरुवातीला 'मी झोन ७ मध्ये आहे' वगैरे सांगतो. हा नकाशा अमेरिकेच्या कृषी खात्याचा, म्हणजे यूएसडीएचा, पहिला निघाला १९६० साली. आता त्यात १३ झोन आहेत, प्रत्येक झोन १० अंश फॅरनहाइटचा, त्याचे परत ए आणि बी असे पाच-पाच अंशांचे दोन तुकडे. मोजतात एकच गोष्ट: वर्षातली सगळ्यात थंड रात्र किती थंड होती. दरवर्षीचा असा एक आकडा घ्यायचा, तीस वर्षांचे आकडे मिळवायचे, सरासरी काढायची, तो तुमचा झोन. आत्ताचा नकाशा २०२३ चा आहे, १९९१ ते २०२० च्या आकड्यांवर बनवलेला, आणि आधीच्या २०१२ च्या नकाशाशी ताडून बघितलं तर जवळपास निम्मा देश अर्धा झोन गरम बाजूला सरकलाय.

त्यांना हा एक आकडा का पुरतो? कारण तिकडे जमीन गोठते. एका रात्रीत झाड जाऊ शकतं, मग बाकी वर्षभर तुम्ही कितीही लाड करा. म्हणून बहुवर्षायू झाड विकत घेताना पहिला प्रश्न हाच की हे माझ्याकडचा हिवाळा काढेल का.

आपला आकडा काढायचा तर हवामान खात्याच्या जवळच्या केंद्राचं दर हिवाळ्यातलं नीचांकी तापमान बघा, निदान दहा वर्षांचं. सेल्सियसमध्ये सांगायचं तर उणे १ ते साडेचार अंश म्हणजे झोन १०, साडेचार ते १० झोन ११, १० ते साडेपंधरा झोन १२, आणि त्याच्या वर झोन १३. लक्षात घ्या, इथे विक्रम धरायचा नाही, सरासरी धरायची. मुंबईत सांताक्रूझला २२ जानेवारी १९६२ ला ७.४ अंश नोंदले गेलेत, पण म्हणून मुंबई झोन ११ होत नाही, दरवर्षीची सगळ्यात गार रात्र तिथे साधारण ११ ते १४ च्या दरम्यान असते म्हणून झोन १२. पुणे ११. नागपूर पण ११. निफाडकडची द्राक्षवाली मंडळी कधीकधी १० च्या उंबरठ्यावर.

आता गंमत बघा. पुणे ११ आणि नागपूर ११. म्हणजे या नकाशाच्या हिशेबाने मी नागपुरातून पुण्यात आले तेव्हा काहीच बदललं नाही! मे महिन्यात पुण्याचं सरासरी कमाल तापमान ३७ च्या आसपास, नागपूरचं ४२-४३, आणि २३ मे २०१३ ला तर नागपुरात ४७.९ झालं होतं, तेव्हाच्या उन्हात भिंतीला टेकून ठेवलेली कोरफडसुद्धा तपकिरी होऊन बसायची. खुद्द अमेरिकेतही हाच घोळ आहे, झोन ९ मध्ये फ्लोरिडाचा घामट भागपण येतो आणि ॲरिझोनाचं वाळवंटपण. म्हणूनच १९९७ साली तिकडच्या हॉर्टिकल्चरल सोसायटीने उष्णतेचा वेगळा नकाशा काढला, त्यात वर्षातले ३० अंशांच्या वरचे दिवस मोजतात, असे १२ झोन, आणि २१० पेक्षा जास्त दिवस तापत असेल तर सगळ्यात शेवटचा, बारावा. मुंबईत अर्धं वर्ष तर सोडाच, पावसाळ्याचे दोन-तीन महिने सोडले तर रोजच ३० च्या वर असतं, म्हणजे आपण तिथे थेट बाराव्यात.

तर टॅगवर 'झोन ५ ते ९' दिसलं की त्यातला पहिला आकडा थंडीचा, आणि दुसरा आकडा म्हणजे नर्सरीवाल्याचा अंदाज की याच्यापेक्षा गरम भागात हे झाड वैतागेल. मी पहिला आकडा बघून खूश झाले होते. बघायला हवा होता दुसरा. ट्यूलिप, पिओनी, नेहमीच्या जातीचं सफरचंद ही सगळी त्याच गटातली, त्यांना थंडी चालते असं नाही, त्यांना थंडी लागते. सफरचंदाच्या जुन्या जातींना ७ अंशांखालचे हजारेक तास लागतात, ते आपल्याकडे फ्रीजमध्येच मिळतील. कमी थंडीच्या जाती निघाल्यात, हिमाचलच्या एचआरएमएन-९९ ची झाडं महाराष्ट्रातपण लोकांनी लावलीत, ज्याला हौस आहे त्याने लावावं, पण कुंडीत काश्मीर होणार नाही.

पायरी २: आपल्याकडचे नऊ विभाग, आणि तुम्ही कुठल्या

महाराष्ट्राचे शेतीच्या दृष्टीने हवामानानुसार नऊ विभाग पाडलेले आहेत. हे थंडीवर नाही, मुख्यतः पाऊस आणि माती यावर पाडलेत, आणि आपल्याला उपयोगाचं तेच आहे. राहुरी, अकोला, दापोली आणि परभणी ही जी चार कृषी विद्यापीठं आहेत त्यांच्या सगळ्या शिफारशी याच विभागांप्रमाणे येतात, म्हणून आपला विभाग माहीत असला की त्यांची माहिती बरोबर वाचता येते.

दक्षिण कोकण (रत्नागिरी, सिंधुदुर्ग): प्रचंड पाऊस, जांभा दगडाची लाल आम्लधर्मी माती, पाणी धरत नाही. उत्तर कोकण (रायगड, ठाणे, पालघर, मुंबई): पाऊस तसाच, माती वेगळी, जांभ्याची नाही. आमच्या दापोलीला पावसाळा हाच भाजीचा सीझन, हे पुण्यात लोकांना सांगितलं तर विश्वास बसत नाही. रोहिणीत परड्यात आळी करायची, खड्डा नाही हं, उंचवटा, म्हणजे मुळाशी पाणी तुंबत नाही, पाऊस लागला की काकडी, पडवळ, दोडकी, चिबूड टोचायचं आणि वेल चढवायचा मांडवावर. वेल जमिनीवर राहिला की कुजला. आई सांगायची, पानं वाऱ्यात आणि मुळं उंचावर. भात कापला की उरलेल्या ओलाव्यावर वाल, कुळीथ. टोमॅटो मात्र कोकणात पावसात लावायच्या भानगडीत पडू नका, करपा येणारच.

घाटमाथा (महाबळेश्वर, लोणावळा, इगतपुरी, आंबोली): पाऊस हजारांत मोजायचा, महाबळेश्वरला साडेपाच-सहा हजार मिलिमीटर, हिवाळ्यात वेण्णा तलावाकडे दवबिंदूसुद्धा गोठतात, उन्हाळा सौम्य. स्ट्रॉबेरी इथली. आणि तिथून गाडीने तीस-बत्तीस किलोमीटर खाली वाईत या, पाऊस एकदम साताठशेवर येतो. गाडीत एक डुलकी काढाल तेवढ्यात झोन बदलला! घाटाच्या पूर्वेला जी उतरती पट्टी आहे ती उपपर्वतीय, तिच्या पुढचा पश्चिम महाराष्ट्राचा मैदानी भाग, पुणे-सातारा-कोल्हापूर-नाशिक हे याच्या अध्येमध्ये. घरच्या बागेला ही पट्टी सगळ्यात लाडावलेली, पाऊस मध्यम, थंडी बरी, उन्हाळा सहन होतो, गुलाबापासून फ्लॉवरपर्यंत काय वाट्टेल ते येतं.

मग अवर्षणप्रवण पट्टा, सोलापूर, माण-खटाव, नगरचा बराच भाग, आष्टी वगैरे. पाऊस पाचशे ते सातशे, तोही बराचसा सप्टेंबरात, आणि बोअरचं पाणी जड. इथे भाजीपेक्षा डाळिंब, शेवगा, बोगनवेल, सदाफुली, अशी मंडळी मोठ्या ड्रममध्ये लावा. त्यानंतर मध्य महाराष्ट्राचा पठारी भाग, म्हणजे मराठवाडा आणि पश्चिम विदर्भाचा बराच भाग, याचं अधिकृत नाव 'खात्रीशीर पावसाचा प्रदेश'. ज्या लातूरला एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी न्यावं लागलं ते लातूर याच खात्रीशीर प्रदेशात आहे, तेव्हा खात्री किती धरायची ते आपण ठरवा. शेवटी मध्य विदर्भ (नागपूर, वर्धा, यवतमाळ) आणि पूर्व विदर्भ (भंडारा, गोंदिया, गडचिरोली), पूर्वेला जाल तसा पाऊस वाढतो, भातशेती सुरू होते, उन्हाळा दोन्हीकडे कडक.

पायरी ३: दोन तारखा शोधा

हे या सगळ्या लेखातलं मुख्य आहे, बाकी विसरलात तरी चालेल.

अमेरिकन पाकिटावर लिहिलेलं असतं, 'शेवटच्या हिमकडाक्यानंतर दोन आठवड्यांनी पेरा'. आपल्याकडे हिमकडाकाच नाही, म्हणून लोक ते वाक्य सोडून देतात आणि कधीही पेरतात. पण आपल्या बागेलाही सुरुवात आणि शेवट आहेच की, फक्त तो थंडीने ठरत नाही. आपली पहिली तारीख म्हणजे पाऊस उघडतो ती. आणि दुसरी तारीख म्हणजे दुपारचं तापमान सलग आठवडाभर ३५ च्या वर जायला लागतं ती. या दोन तारखांच्या मधे जे दिवस येतात तो तुमच्या गावाचा खरा भाजीपाल्याचा सीझन.

पुण्यात पाऊस ऑक्टोबरच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात जातो आणि मार्चच्या मध्याला ३५ लागतं, म्हणजे साधारण १५० दिवस. नागपुरात पाऊस जरा आधी उघडतो पण मार्च सुरू झाला की लगेच भट्टी, तरी दिवस तेवढेच पडतात, थंडी मात्र जास्त चांगली म्हणून वाटाणा, गाजर, शेवंती पुण्यापेक्षा झकास. महाबळेश्वर-पाचगणीला ३५ जवळपास लागतच नाही, त्यामुळे तिथला सीझन थेट मेपर्यंत. मुंबईला दुपार ३५ ला अधूनमधून पोचते पण तिथे खरा त्रास रात्रीचा, रात्र थंडच होत नाही, म्हणून मुंबईकरांनी दुसरी तारीख दुपारवर नाही तर रात्रीवर धरावी, रात्रीचं तापमान २३-२४ च्या खाली उतरेनासं झालं की टोमॅटोला फूल येतं आणि देठातून गळून पडतं. खत घालून काही होत नाही त्याला. परागकणच निकामी होतात उष्णतेने.

आता पाकिटावरचे 'इतक्या दिवसांत तयार' हे दिवस घ्या आणि उलटं मोजा. टोमॅटोचं बी टाकल्यापासून रोप लावण्याजोगं व्हायला चार-पाच आठवडे, लावल्यापासून पहिलं फळ ६०-७० दिवसांनी. रोप पाऊस उघडताना जमिनीत गेलं पाहिजे, म्हणजे बी टाकायचं ऑगस्टच्या शेवटी, वळचणीखाली, पावसाचा थेंब न लागता. फळ डिसेंबरात सुरू, मार्चपर्यंत चालू. आणि तुम्ही जर जानेवारीत नर्सरीतून रोप आणून लावलंत, जे बहुतेक सगळे करतात कारण नर्सरीत तेव्हा ती मस्त दिसतात, तर फळं धरायच्या वेळेला नेमका उन्हाळा गाठतो. दोष रोपाचा नाही.

पायरी ४: आता गावाचा झोन बाजूला ठेवा आणि घराचा काढा

एकाच बिल्डिंगमध्ये दुसऱ्या मजल्याची पूर्वेची गॅलरी आणि दहाव्या मजल्याची पश्चिमेची, ही दोन वेगळी गावं आहेत. चार गोष्टी मोजा.

ऊन. हे दोनदा मोजायचं, एकदा डिसेंबरात आणि एकदा मेमध्ये, कारण आपल्याकडे सूर्य डोक्यावरून पलीकडे जातो हे लोक विसरतात. पुण्यात १३-१४ मेच्या सुमारास शून्य सावलीचा दिवस असतो, मुंबईत १५-१६ मे, नागपूरला २६ मे, आणि त्यानंतर जुलैपर्यंत दुपारचा सूर्य उत्तरेला असतो. म्हणजे तुमची उत्तरेची गॅलरी, जिच्यात वर्षभर थेट ऊन नाही म्हणून तुम्ही फर्न आणि मनीप्लांट ठेवलेत, तिच्यात बरोब्बर मेच्या शेवटी, सगळ्यात जहाल ऊन आत येतं. माझे दोन फर्न असेच करपले आणि मी पाणी कमी पडलं म्हणून पाणी वाढवत बसले. उलट दक्षिणेच्या गॅलरीत डिसेंबरात सूर्य खाली आलेला असतो त्यामुळे ऊन खोलपर्यंत येतं, मेथी-पालकाला ती जागा सोन्यासारखी. सकाळी ८ ला, १२ ला आणि ४ ला मोबाइलवर एकाच जागेवरून फोटो काढा, झालं काम.

तापमान. एक कमाल-किमान दाखवणारा डिजिटल थर्मामीटर घ्या, चार-पाचशेत मिळतो, सावलीत टांगा, कुंड्यांच्या उंचीवर. मी लावला तेव्हा कळलं की हवामान खात्याचं ३८ असताना माझ्या गच्चीवर सावलीत ४१ होतं आणि काळ्या प्लास्टिकच्या कुंडीत, मातीत चार बोटं खोल, दुपारी तीनला ४४! मुळं शिजत होती अक्षरशः. त्या कुंड्यांना बाहेरून जुन्या पांढऱ्या पंचाचे तुकडे गुंडाळले तर तीच माती ३८ वर आली. एसीचं बाहेरचं युनिट जिथे फुंकर मारतं तिथे तर काहीच ठेवू नका, तो झोन कुठल्याच नकाशात नाही.

वारा. सातव्या-आठव्या मजल्यानंतर वाराच पाणी पिऊन टाकतो, पानांच्या कडा वाळतात, उंच वेल टिकत नाहीत. रेलिंगला आतून शेडनेटची एक पट्टी बांधली की निम्मा त्रास जातो.

पाऊस. सरळ बाजूंचा कुठलाही पत्र्याचा डबा उघड्यावर ठेवा आणि सकाळी पट्टी बुडवून मिलिमीटर वाचा, डब्याचं तोंड केवढं आहे याने फरक पडत नाही. पुण्यातच पाषाणला आणि हडपसरला एकाच दिवशी पाऊस वेगळा असतो, आणि गॅलरीत तर तो तिरका आला तरच येतो. माझ्या गॅलरीतल्या कुंड्यांना भर जुलैत हाताने पाणी घालावं लागतं आणि गच्चीवरच्या बुडतात.

पायरी ५: माती आणि पाणी, थोडक्यात

काळी माती नुसती कुंडीत भरू नका, ओली झाली की फुगते, वाळली की भेगा पडून कुंडीच्या कडेने पाणी सुळकन खाली निघून जातं आणि आपल्याला वाटतं पाणी दिलं. काळी असो की लाल, एक भाग माती, एक भाग कंपोस्ट, एक भाग कोकोपीट किंवा जाड वाळू असं चालतं. पावसाळी भागात वाळूकडे झुका, कोरड्या भागात कोकोपीटकडे. बोअरचं पाणी जड असेल तर जास्वंद-मोगऱ्याची नवी पानं पिवळी पडतात आणि शिरा हिरव्या राहतात, ती लोहाची कमतरता, म्हणजे मातीत लोह असतं पण उचलता येत नाही. पावसाळ्यात पिंपभर पाणी साठवून निदान या लाडक्या झाडांना तेच द्यायचं. आणि आरओचं वाया जाणारं पाणी झाडांना घालायची टूम आहे ना, त्यात क्षार अजून जास्त असतात, रोज नका घालू.

पायरी ६: कॅलेंडर लावा

इथे आजोबांचं पंचांग कामाला येतं, आणि मी हे भावनेपोटी म्हणत नाहीये. सण चंद्रावर चालतात म्हणून मागेपुढे होतात, २०२५ ला गणपती २७ ऑगस्टला होते आणि २०२६ ला अधिक महिन्यामुळे १४ सप्टेंबरला, अठरा दिवसांचा फरक. पण पावसाची नक्षत्रं सूर्यावर चालतात त्यामुळे त्यांच्या तारखा पक्क्या, रोहिणी २५ मे, मृग ७-८ जून, हस्त २६-२७ सप्टेंबर, स्वाती २३-२४ ऑक्टोबरच्या आसपास, दरवर्षी. म्हणून शेतकरी पेरणी मृगात म्हणतो, आषाढात म्हणत नाही.

पुण्यासाठी माझं असं बसलंय, तुम्ही आपल्या दोन तारखांनुसार सरकवा. मृगात भेंडी, गवार, चवळी, दोडका, आणि सगळी नवीन झाडं-झुडपं, कारण पुढचे तीन महिने रोपाला सावली आणि पाणी फुकट. ऑगस्टअखेर टोमॅटो, मिरची, वांगी, फ्लॉवरचं बी वळचणीला. 'गणपतीत बी, दसऱ्याला रोप' हे गणित बहुतेक वर्षी जमतं कारण दोन्हींच्या मधे ३५-३६ दिवस असतात, पण गणपती लवकर असतील त्या वर्षी हस्ताचा पाऊस अजून बाकी असतो, तेव्हा थांबा. हत्ती बरसून गेला की लावा. ऑक्टोबरात गुलाबाची छाटणी. स्वातीपासून मेथी, पालक, मुळा, गाजर, वाटाणा, दर पंधरा दिवसांनी थोडं थोडं, सगळं एकदम पेरलं तर एकदम खावं लागतं. जानेवारीत मोगऱ्याची पानं काढून छाटणी, पाणी कमी. संक्रांतीनंतर काकडी, दुधी, कलिंगड, यांना उष्णता आवडते.

कोथिंबिरीचं वेगळं सांगते कारण सगळ्यांचं तेच रडगाणं असतं. धणे कापडात घेऊन वाटीच्या बुडाने रगडायचे, दोन फाकी झाल्या पाहिजेत, पीठ नाही, रात्रभर भिजवायचे आणि पेरून आठ ते बारा दिवस वाट बघायची, पाचव्या दिवशी उकरून बघायचं नाही. दिवस मोठे आणि गरम झाले की ती पानं सोडून फुलावर जाते, तो तिचा स्वभाव आहे, म्हणून मार्चनंतरची कोथिंबीर सकाळचंच ऊन मिळेल अशा जागी, आणि फूट आली की लगेच कापून खायची.

पायरी ७: झोन थोडा ढकलायचा असेल तर

नागपुरात मी मेमध्येपण सांबार पिकवला आहे (तिकडे कोथिंबिरीला सांबार म्हणतात, पहिल्या आठवड्यात भाजीवाल्याशी माझं भांडण होता होता राहिलं). युक्ती अशी की खिडकीतल्या कूलरच्या स्टँडखाली, बाहेरच्या बाजूला, जिथे ताट्यांचं पाणी ठिबकतं आणि दिवसभर ओल असते, तिथे दोन ट्रे. वर हिरवं शेडनेट ७५ टक्क्यांचं. पुण्यात ५० टक्क्यांचं पुरतं. नेट ३५ लागलं की बांधायचं आणि मृगात न विसरता काढायचं, पावसाळ्यात राहिलं तर खाली सगळं लेचंपेचं वाढतं. कुंडीवर दोन इंच पालापाचोळा किंवा नारळाच्या शेंड्या. मोठ्या ड्रममध्ये मातीचं मडकं गळ्यापर्यंत पुरून त्यात पाणी भरून ठेवा, चार दिवस गावाला गेलात तरी झाड तग धरतं.

पावसात उलट, कॅक्टस, ॲडेनियम, जिरेनियम यांना छपराखाली ओढा, कुंड्यांच्या खालच्या ताटल्या काढून टाका, प्रत्येक कुंडी दोन विटांवर. स्ट्रॉबेरी पुण्यात हिवाळी पाहुणी म्हणून आणा, ऑक्टोबरात लावून मार्चपर्यंत खा आणि निरोप द्या.

आणि परदेशात असाल तर

मग मात्र पायरी १ तुमच्यासाठी खरीच लागू आहे. माझी वहिनी न्यू जर्सीत असते, तिकडचा बराचसा भाग झोन ७, म्हणजे वर्षातली सगळ्यात गार रात्र उणे १२ ते उणे १८. कढीपत्ता तिथे जमिनीत जगणं शक्यच नाही. तो कायम कुंडीत, रात्रीचं तापमान १० च्या खाली यायला लागलं की घरात, दक्षिणेच्या खिडकीत, पाणी अगदी कमी. हिवाळ्यात पानं गाळतो, मेला समजून फेकायचा नाही, खोडावर नखाने जरासं खरवडून बघायचं, आत हिरवं असेल तर जिवंत आहे. मेथी आणि कोथिंबीर एप्रिलमध्ये, त्यांना गारवा चालतो, भेंडी-गवार मात्र माती तापल्यावर, मेच्या दुसऱ्या पंधरवड्याच्या आधी नाही. तिचा कढीपत्ता आता तिच्या खांद्याएवढा झालाय आणि दर ऑक्टोबरात तो आत घ्यायचा आणि दर मेमध्ये बाहेर काढायचा हे काम दादाकडे आहे. गेल्या वर्षी त्याने कुंडीला चाकं लावून घेतली.